स्तनाच्या कर्करोगानंतरची गोळी : पाच वर्षे, सात की दहा?

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन हे सारे पार पडल्यानंतर रोज घ्यावी लागणारी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी कुठवर घ्यायची, असे त्यांत विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वय ५८ आहे. साडेपाच वर्षांपूर्वी उजव्या स्तनात गाठ निघाली आणि मिरजेला शस्त्रक्रिया झाली. गाठ २.८ सेंटिमीटरची होती. काखेतील १४ ग्रंथी काढल्या, त्यांपैकी २ ग्रंथींत रोग पोहोचला होता. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असे लिहिले आहे. किमो आणि रेडिएशननंतर लेट्रोझोलची गोळी सुरू झाली, तिला नुकतीच पाच वर्षे पूर्ण झाली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणतात की आता गोळी बंद करा. किमो देणारे डॉक्टर म्हणतात की आणखी पाच वर्षे घ्या. सकाळी उठल्यावर माझी बोटे मिटत नाहीत, गुडघे धरतात आणि हाडांची घनताही थोडी कमी आली आहे. गोळी सोडली तर रोग उलटेल अशी भीती वाटते आणि घ्यावी तर अंग साथ देत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, विटा

उत्तर : दोन डॉक्टरांनी दोन निराळी उत्तरे दिली म्हणून त्यांपैकी कोणा एकाचे चुकले असे समजू नका. ज्यांची गाठ शरीरातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसली जाते, म्हणजेच ईआर पॉझिटिव्ह असते (पीआर ही प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तशीच खूण, तर हर-टू हे गाठीच्या वाढीशी निगडित प्रथिन), अशा स्त्रियांनी पहिली पाच वर्षे गोळी घ्यावी याबद्दल जगभरच्या तज्ज्ञांचे एकमत आहे. मतभेद आहेत ते त्यापुढच्या वर्षांबद्दल, आणि तेथे सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर देता येत नाही. मात्र तुम्ही रिपोर्टमधली माहिती नेमकी लिहिली आहे, त्यामुळे मला मोघम बोलण्याची गरज नाही.

आधी तुमच्या भीतीबद्दल बोलू. रोज हातात घेतलेली गोळी हा रोगाविरुद्धचा शेवटचा आधार आहे असे अनेक जणींना वाटते आणि ती थांबवायची वेळ आली की त्या शस्त्रक्रियेच्या वेळी घाबरल्या नसतील इतक्या घाबरतात. ही भीती अगदी स्वाभाविक आहे. पण गोळी ज्या दिवशी थांबते त्याच दिवशी तिचे संरक्षण संपते असे नाही. टॅमॉक्सिफेनवरील जुन्या चाचण्यांची एकत्रित पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाहणीनुसार पाच वर्षे गोळी घेतलेल्या स्त्रियांमध्ये त्या पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले, आणि गोळी बंद केल्यानंतरच्या पाच वर्षांतही ते सुमारे एक-तृतीयांशाने कमीच राहिले. तुम्ही घेतलेली पाच वर्षे तुमच्या पदरात पडलेली आहेत, ती कोठे जाणार नाहीत.

आता धोक्याबद्दल. या प्रकारच्या कर्करोगाचा एक स्वभाव असा की तो पाच वर्षांनंतरही, कधी दहा किंवा पंधरा वर्षांनंतरही, हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसात उलटू शकतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ८८ चाचण्यांतील जवळजवळ ६३ हजार स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली. या स्त्रियांनी पाच वर्षे गोळी घेऊन थांबवली होती आणि तोवर त्यांना रोगाचे कोणतेही चिन्ह नव्हते. पुढच्या पंधरा वर्षांत शरीराच्या दूरच्या भागात रोग उलटण्याचे प्रमाण, गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काखेतील ग्रंथी स्वच्छ असतील तर १३ टक्के होते, एक ते तीन ग्रंथींत रोग असेल तर २० टक्के आणि चार ते नऊ ग्रंथींत असेल तर ३४ टक्के. गाठ दोन ते पाच सेंटिमीटरची असेल तर हेच आकडे अनुक्रमे १९, २६ आणि ४१ होते. तुमची गाठ आणि तुमच्या दोन ग्रंथी पाहता तुम्ही २६ टक्क्यांच्या गटात येता. मात्र यांतील बहुतेक स्त्रियांवर कित्येक वर्षांपूर्वी उपचार झाले होते. आजची किमो, रेडिएशन आणि लेट्रोझोलच्या वर्गातील गोळ्या पाहता आज हे प्रमाण काहीसे कमी असावे असे त्या संशोधकांनीच नमूद केले आहे. म्हणून २६ हा आकडा भविष्य म्हणून वाचू नका. धोका अजून संपलेला नाही, एवढेच त्यातून कळते, आणि तुमचे किमो देणारे डॉक्टर गोळी पुढे चालू ठेवा म्हणतात ते याच कारणाने. काखेत रोग पोहोचलेल्या स्त्रियांना एकूण दहा वर्षांपर्यंतच्या उपचाराचा पर्याय द्यावा असे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शनही सांगते.

मग पुढची पाच वर्षे लेट्रोझोल घेतल्याने हातात काय पडते? तुमच्या स्थितीशी सर्वांत जवळची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅनडाच्या संशोधकांची आहे. लेट्रोझोलच्या वर्गातील गोळी सुमारे पाच वर्षे घेतलेल्या १,९१८ स्त्रिया तीत होत्या आणि त्यांपैकी बहुतेकींनी त्याआधी टॅमॉक्सिफेनही घेतले होते. निम्म्या जणींना पुढे पाच वर्षे लेट्रोझोल दिले गेले आणि निम्म्या जणींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. त्या पाच वर्षांच्या शेवटी रोगमुक्त राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण पहिल्या गटात ९५ टक्के आणि दुसऱ्या गटात ९१ टक्के होते. लाभ झाला हे खरे, पण त्यातला मोठा वाटा दुसऱ्या स्तनात नवी गाठ न होण्याचा होता, आणि दोन्ही गटांतील एकूण जिवंत राहण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हाड मोडण्याचे प्रमाण मात्र ९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेले. तुमचे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बंद करा म्हणतात त्यामागे हीच गोष्ट असावी.

मधला मार्गही तपासून पाहिला गेला आहे आणि माझ्या मते या विषयावर गेल्या काही वर्षांत झालेले सर्वांत उपयोगी काम तेच आहे. ऑस्ट्रियातील एका चाचणीत पाच वर्षांचा संप्रेरकविरोधी उपचार पूर्ण केलेल्या, पाळी गेलेल्या ३,४८४ स्त्रियांपैकी अर्ध्या जणींना आणखी दोन वर्षे आणि अर्ध्या जणींना आणखी पाच वर्षे लेट्रोझोलच्याच वर्गातील अ‍ॅनास्ट्रोझोल दिले गेले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत रोग उलटण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण सारखेच निघाले. अस्थिभंगाचे प्रमाण तेवढे पाच वर्षांच्या गटात अधिक होते, तेथे ६.३ टक्के आणि दोन वर्षांच्या गटात ४.७ टक्के. म्हणजे सरासरीने पाहता सात वर्षांत जे मिळते तेच दहा वर्षांत मिळते आणि हाडांचे नुकसान मात्र वाढते. यातही एक अट लक्षात ठेवावी लागते. त्या चाचणीतील सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या काखेत रोग नव्हता, त्यामुळे चार किंवा अधिक ग्रंथींत रोग असलेल्या स्त्रीला हा निष्कर्ष डोळे मिटून लावता येणार नाही. तुम्ही या दोन टोकांच्या मध्ये आहात.

हे सारे लक्षात घेऊन माझे मत असे आहे की तुम्ही आज गोळी बंद करू नये, पण दहा वर्षांचे ओझेही आत्ताच डोक्यावर घेऊ नये. आणखी दोन वर्षे, म्हणजे एकूण सात वर्षांपर्यंत, गोळी चालू ठेवावी. सात वर्षे पूर्ण झाली की हाडांची पुन्हा तपासणी करून, सांध्यांची अवस्था पाहून आणि तुमच्या कर्करोगतज्ज्ञांशी बसून पुढचे ठरवावे. त्या वेळी हाडे नीट असतील आणि गोळी सोसत असेल तर दहापर्यंत जाणे हा योग्य पर्याय असेल, तसे नसेल तर सातव्या वर्षी थांबल्याबद्दल मनाला बोल लावण्याचे काही कारण राहणार नाही.

दोन वर्षे सुसह्य व्हावीत यासाठी काही गोष्टी करता येतात आणि त्या करायलाच हव्यात. सांधेदुखी सोसत राहणे म्हणजे उपचार नीट घेणे असा समज आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये फार खोल रुजलेला आहे आणि डॉक्टरांनी विचारले तरी त्या ‘चाललंय’ एवढेच सांगतात. तसे करू नका. नियमित चालणे आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम यांनी या गोळीमुळे होणारी सांधेदुखी कमी होते हे चाचण्यांतून दिसले आहे. ड जीवनसत्त्व कमी आहे का हे पाहून भरून काढावे. लेट्रोझोल सोसत नसेल तर त्याच वर्गातील एक्सिमेस्टेन किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देऊन पाहता येते आणि पुष्कळदा एक गोळी बाधते ती दुसरी बाधत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे गोळी थांबवून दुखणे गोळीचेच आहे की वयाचे, हेही पडताळता येते. अशा विश्रांतीची भीती बाळगू नये. काखेत रोग असलेल्या ४,८८४ स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, चार ते सहा वर्षांच्या उपचारानंतर, एका गटाने लेट्रोझोल सलग घेतले आणि दुसऱ्या गटाने दर वर्षी तीन महिन्यांची सुट्टी देत घेतले, तेव्हा रोगमुक्त राहण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

हाडांसाठी आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पुरेसे ड जीवनसत्त्व हवे, शिवाय साधारण दर दोन वर्षांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी हवी. घनता आधीच कमी असल्याने सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाबद्दल विचारा. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये या औषधाच्या वर्गाने हाडांचे संरक्षण होतेच, शिवाय हाडांत रोग उलटण्याचे प्रमाणही काहीसे घटते. ते सुरू करण्यापूर्वी दात दाखवून घ्या आणि काढायचे दात आधी काढून घ्या, कारण या औषधावर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते.

आणखी एक गोष्ट साऱ्याच वाचकांसाठी सांगते. गोळीने धोका ‘तीस टक्क्यांनी’ कमी होतो असे कोणी सांगितले तर कशाच्या तीस टक्के, हे विचारा. ज्या स्त्रीचा उरलेला धोका शंभरात तीस आहे तिला त्यातून नऊचा लाभ होतो आणि जिचा उरलेला धोका शंभरात पाच आहे तिला दीडच. दोघींना दुष्परिणाम मात्र सारखेच सोसावे लागतात. म्हणून निर्णय तुमच्या मूळ पॅथॉलॉजी रिपोर्टवर ठरतो. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय काढले तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण तेथे येत आले आहेत. आजही शस्त्रक्रिया मिरजेत, रेडिएशन कोल्हापूर किंवा पुण्यात आणि पुढची औषधे गावातल्या डॉक्टरांकडे असे सर्रास होते आणि कागद तीन घरांत वाटले जातात. गाठीचा आकार, ग्रंथींची संख्या, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा दर्जा), ईआर, पीआर आणि हर-टू लिहिलेला तो एक कागद जन्मदाखल्यासारखा जपून ठेवा, कारण पाच वर्षांनी थांबायचे की नाही हे त्याच्याशिवाय कोणालाही नीट सांगता येणार नाही.

प्रश्न : माझे वय ४४ आहे. वयाच्या ३९ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. गाठ १.६ सेंटिमीटरची होती, ग्रेड दोन, काखेत काही नव्हते. किमो झाली आणि टॅमॉक्सिफेन सुरू होऊन पाच वर्षे होत आली. किमोनंतर पाळी बंद झाली होती, मग दीड वर्षाने पुन्हा आली आणि आता कधी येते, कधी तीन-तीन महिने येत नाही. माझ्या नणंदेला लेट्रोझोल दिले आहे आणि ते जास्त चांगले आहे असे ती म्हणते. मी गोळी बदलून घ्यावी का? आणि टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाचा कर्करोग होतो म्हणतात, मग ते पुढे घेणे धोक्याचे नाही का?
— कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : तुमच्या आजच्या स्थितीत गोळी बदलून लेट्रोझोल घेऊ नका. पाळी पूर्णपणे गेलेल्या स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबी आणि इतर पेशींत तयार होते आणि ते तयार होणेच लेट्रोझोल थांबवते. अंडाशय काम करत असेल तर ही गोळी त्याच्यापुढे पुरी पडत नाही. उलट इस्ट्रोजेन उतरलेले पाहून मेंदू अंडाशयाला अधिक जोराने कामाला लावतो, रोगापासून संरक्षण मिळत नाही आणि नको असताना दिवसही जाऊ शकतात. किमोनंतर पाळी थांबणे म्हणजे रजोनिवृत्ती नव्हे, हे तुम्ही स्वतः अनुभवलेच आहे. तुमच्या नणंदेची पाळी गेलेली असेल तर तिच्यासाठी लेट्रोझोल योग्यच आहे. तरुण वयात ते द्यायचेच असेल तर गोसरेलिन किंवा ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनने अथवा शस्त्रक्रियेने अंडाशयाचे काम थांबवून देतात आणि तो मार्ग बहुधा जास्त धोक्याच्या रुग्णांसाठी राखलेला असतो.

टॅमॉक्सिफेन दहा वर्षे घ्यावे का, याबद्दलची सर्वांत मोठी चाचणी ‘अ‍ॅटलास’ या नावाने ओळखली जाते. तीतील ईआर पॉझिटिव्ह गाठ असलेल्या ६,८४६ स्त्रियांमध्ये पाच वर्षांवर थांबलेल्या आणि दहा वर्षे पूर्ण करणाऱ्या अशी तुलना केली गेली. निदानानंतरच्या पाचव्या ते चौदाव्या वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण पाच वर्षे घेणाऱ्यांत २५.१ टक्के आणि दहा वर्षे घेणाऱ्यांत २१.४ टक्के होते. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचे प्रमाण अनुक्रमे १५ टक्के आणि १२.२ टक्के होते. हा फरक बराचसा दहाव्या वर्षानंतर दिसू लागला, म्हणून फळ लगेच दिसत नाही एवढ्यावरून उपचार वाया जातो आहे असे मानू नये. ब्रिटनमधील दुसऱ्या मोठ्या चाचणीचा निष्कर्षही असाच आहे.

गर्भाशयाबद्दलची तुमची शंका खरी आहे, पण तिचे माप समजून घ्या. त्याच ‘अ‍ॅटलास’ चाचणीत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण १.६ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर गेले आणि त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ०.२ वरून ०.४ टक्क्यांवर. ही वाढ मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये होते, पाळी चालू असलेल्या वयात ती नगण्य असते. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रमाण मात्र वाढते. त्यामुळे एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणे आले किंवा एकाएकी धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि कोणतीही मोठी शस्त्रक्रिया ठरल्यास टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे आधी सांगावे.

दर सहा महिन्यांनी गर्भाशयाची सोनोग्राफी करण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. त्रास नसताना तिची गरज नाही. टॅमॉक्सिफेनने अस्तर सोनोग्राफीत जाड दिसतेच, मग ते जाड दिसले म्हणून क्युरेटिंग (अस्तर खरवडून काढणे) होते, कधी गर्भाशयही काढले जाते, आणि हाती काही लागत नाही. पाळीच्या ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळा, मधेच किंवा फार जास्त रक्तस्राव झाला, किंवा पाळी गेल्यानंतर एक डाग जरी पडला, तर मात्र एक आठवडाही न दवडता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

तुमची गाठ लहान होती आणि काख स्वच्छ होती, त्यामुळे पाच वर्षांवर थांबलात तर ते चूक ठरणार नाही. पण तुमच्यापुढे अजून बराच काळ आहे आणि पहिल्या उत्तरात दिलेले १३ टक्के पंधरा वर्षांचेच आहेत. गोळी सोसत असेल तर ती पुढे चालू ठेवून दर वर्षी फेरविचार करावा या बाजूने मी आहे. पुढे पाळी खरोखर गेली आणि रक्ततपासणीनेही ती गेल्याची खात्री झाली, तर त्या वेळी लेट्रोझोलच्या वर्गातील गोळीकडे वळता येईल. तोवर गर्भधारणा टाळण्यासाठी तांबी किंवा निरोध वापरावा, संप्रेरक असलेली गर्भनिरोधक गोळी वापरू नये. आणि अंगातून गरम वाफा निघतात किंवा मन उदास राहते म्हणून कोणी औषध दिले तर त्यात पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन नाही ना, हे विचारा. ही दोन औषधे टॅमॉक्सिफेनचे शरीरातील क्रियाशील रूप तयार होण्यात अडथळा आणतात. त्यांच्याऐवजी व्हेनलाफॅक्सिन चालते.

प्रश्न : माझे वय ३३ आहे. टॅमॉक्सिफेन सुरू होऊन दोन वर्षे झाली. आम्हाला मूल हवे आहे. सासूबाई म्हणतात, गोळी आता पुरे झाली. डॉक्टर पाच वर्षे थांबा म्हणतात.
— फलटण

उत्तर : गोळी कायमची सोडू नका, पण पाच वर्षे थांबण्यावाचून इलाज नाही असेही नाही. ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनी १८ ते ३० महिने गोळी घेऊन, मातृत्वासाठी ती जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवली, अशा चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के आणि न थांबलेल्या तशाच स्त्रियांच्या गटात ९.२ टक्के होते. या बहुतेक स्त्रियांचा रोग प्राथमिक टप्प्यातला होता आणि तीन वर्षे हा काळ या रोगाच्या मानाने थोडा आहे, या दोन्ही गोष्टी तुमच्या डॉक्टरांशी बोलताना ध्यानात असू द्या. टॅमॉक्सिफेनने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून ते थांबवल्यावर तीन महिने जाऊ द्यावेत आणि मगच गर्भधारणेचा प्रयत्न करावा. बाळ झाल्यावर आणि अंगावर पाजणे संपल्यावर गोळी पुन्हा सुरू करून उरलेली वर्षे पूर्ण करायची आहेत. सासूबाईंना हे सगळे डॉक्टरांसमोर बसूनच ऐकू द्या.

प्रश्न : आमच्या आईचे वय ७१ आहे. तिला लेट्रोझोल चालू होते. साडेतीन वर्षे घेतल्यावर पावसाळ्यात तपासणीला जाणे झाले नाही, गोळ्या संपल्या आणि आईनेही ‘आता बरी आहे’ म्हणून आणल्या नाहीत. पाच महिने झाले. आता पुन्हा सुरू करून उपयोग आहे का? की नुकसान होईल?
— जत

उत्तर : उपयोग आहे, पुन्हा सुरू करा. पहिली पाच वर्षे ही या उपचाराची सर्वांत मोलाची वर्षे आहेत आणि त्यांतले दीड वर्ष अजून बाकी आहे. खंड पडला म्हणून दोन-दोन गोळ्या घेऊन भरपाई करायची नसते. नेहमीप्रमाणे दिवसाला एकच घ्यावी. एखाद्या दिवशी विसरली तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाची एकच. या गोळ्या जेनेरिक स्वरूपात कमी किमतीत मिळतात, तेव्हा डॉक्टरांना जेनेरिक नावाने आणि एकदम तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून द्यायला सांगा. म्हणजे दर महिन्याला जाण्याची गरज उरणार नाही. आई ‘बरी आहे’ म्हणतात त्याचा तुम्हाला राग येत असेल, पण त्यांना गोळीचा काही त्रास होत होता का, हे त्यांना एकटीला विचारा. सांधे, झोप, योनिमार्गातील कोरडेपणा या गोष्टी मुलाला सांगता येत नाहीत म्हणून पुष्कळ जणी गोळी आपोआप संपू देतात, हे मी पाहत आले आहे. पाच वर्षांनंतर पुढे वाढवायचे का, हा प्रश्न या वयात हाडांची आणि हृदयाची अवस्था पाहूनच ठरवावा लागेल.

प्रश्न : मी टॅमॉक्सिफेन घेते. आमचा हळदीचा व्यापार आहे आणि घरात हळद भरपूर वापरली जाते. हळदीने कर्करोग होत नाही असे वाचून मी मिरीचा अर्क असलेल्या हळदीच्या कॅप्सूलही घेत आहे. चालेल का?
— सांगली

उत्तर : स्वयंपाकातली हळद खुशाल खा. भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद जेवणात असण्याला काहीच हरकत नाही. कॅप्सूल मात्र बंद करा. नेदरलँड्समधील एका लहान अभ्यासात हळदीचा अर्क कॅप्सूलच्या मात्रेत घेतल्यावर टॅमॉक्सिफेनचे आणि त्याच्या क्रियाशील रूपाचे रक्तातील प्रमाण घटलेले आढळले, आणि मिरीचा अर्क सोबत असताना ते अधिक घटले. पाच किंवा दहा वर्षे निष्ठेने घेतलेली गोळी अशा भलत्या कारणाने उणी पडू नये. कोणताही काढा, चूर्ण किंवा कॅप्सूल चालू असेल तर तिची बाटलीच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सात वर्षांनी गोळी बंद केली. आता दर सहा महिन्यांनी रक्तातील मार्कर आणि वर्षातून एकदा पेट स्कॅन करून घ्यावे असे मुलगा म्हणतो. तशी गरज आहे का?
— कराड

उत्तर : काही त्रास नसताना मार्कर, म्हणजे कर्करोगाची खूण शोधणारी रक्ततपासणी, किंवा पेट स्कॅन, म्हणजे सर्वांगाचे स्कॅन, करण्याची गरज नाही. अशा तपासण्यांनी रोग थोडा आधी कळला तरी त्यामुळे आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. शिवाय मार्कर निरनिराळ्या कारणांनी वर जातो आणि घरादाराची झोप जाते. दर वर्षी मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी एवढे नेमाने करा. दोन्ही स्तन काढलेले असतील तर मॅमोग्राफीचीही गरज नाही. मात्र एखाद्या हाडात कित्येक आठवडे न थांबणारे आणि रात्री झोपमोड करणारे दुखणे, न जाणारा खोकला किंवा धाप, कावीळ, नव्याने सुरू झालेली आणि वाढत जाणारी डोकेदुखी, काखेत, मानेत किंवा छातीवर नवी गाठ, यांपैकी काही जाणवले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. मुलाला तपासण्यांवर पैसे खर्च करायचेच असतील तर लेट्रोझोलसारखी गोळी चालू होती का ते विचारून, ती होती तर आधी हाडांची घनता मोजून घ्यायला सांगा.